नेब्रास्कातील वैरणीचा हिशेब

अमेरिकेच्या नकाशाच्या जवळजवळ मध्यभागी वसलेले, आणि तरीही प्रवाशांच्या यादीत सहसा न सापडणारे नेब्रास्का हे राज्य पाहण्याचा बेत मी शिकागोतील आप्तांना सांगितला, तेव्हा ‘तिथे मका आणि गुरे यांखेरीज आहे काय?’ असा प्रश्न त्यांनी केला. आणि खरे सांगायचे तर मका आणि गुरे हीच मला पाहावयाची होती. ज्या मुलखात माणसांची वस्ती सुमारे २० लाख आणि गुरांची संख्या ६० लाखांच्या घरात, म्हणजे दर माणशी तीन जनावरे, त्या मुलखात जनावरांना काय खाऊ घालावे हा प्रश्न गोठ्यापुरता न राहता विद्यापीठांचा, विधिमंडळाचा आणि अलीकडे हवामानशास्त्राचाही झालेला आहे, एवढे ऐकून होतो. गोमांसाचा व्यवहार माझ्या जन्मजात संस्कारांना परका. त्याविषयीची अढी निघताना घरी ठेवून आलो होतो असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. तथापि एखादे शास्त्र कसे चालते हे पाहताना आपली रुची आड येऊ द्यायची नाही, असे ठरविले होते. सोबतीस एका स्नेह्यांचा मुलगा होता. शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची पदवी घेऊन तो लिंकनच्या विद्यापीठात मांसोत्पादक गुरांच्या आहारावर संशोधन करीत आहे, आणि त्याच्या ओळखीमुळेच, नुसत्या प्रवाशाला ज्या फाटकांपाशी कोणी उभे केले नसते, ती फाटके मला उघडली गेली.

प्रवासाचा आरंभ ओमाहा शहराच्या दक्षिण भागापासून केला, कारण या व्यवसायाचा पूर्वेतिहास तेथे आहे. मिसुरी नदीकाठच्या या शहरात १८८३ साली गुरांच्या बाजाराची कंपनी स्थापन झाली. पश्चिमेकडील कुरणांतून आगगाड्यांनी आलेली गुरे येथे उतरावीत, दलालांनी त्यांचे मोल करावे आणि शेजारच्याच कत्तलखान्यांनी ती विकत घ्यावीत, अशी ती व्यवस्था. १९५५ साली या बाजाराने शिकागोच्या जगप्रसिद्ध बाजारालाही मागे टाकले. परंतु ज्याचा उत्कर्ष इतका उशिरा झाला त्याचा ऱ्हास मात्र त्वरेने झाला, आणि १९९९ साली तो कायमचा बंद पडला. दलालांच्या दफ्तरांसाठी १९२६ साली बांधलेली अकरामजली विटांची इमारत तेवढी आज उभी असून तिच्यात बिऱ्हाडे राहतात. एवढा मोठा बाजार दुष्काळाने किंवा रोगराईने मोडला असेल, अशी माझी कल्पना होती. पण तो मोडला वैरणीने. विहिरींवर पंप आले, संकरित मक्याचे पीक पश्चिमेकडे सरकले, आणि गुरांना शहराकडे नेण्यापेक्षा धान्याजवळच पोसून तयार करणे स्वस्त पडू लागले. मग कत्तलखानेही शहरे सोडून गुरांच्या मागोमाग लहान गावांकडे गेले. १९६७ साली याच राज्यातील डकोटा सिटी येथील कारखान्याने मांसाचे तुकडे करून खोक्यांत भरून पाठविण्यास प्रारंभ केला, तेव्हा जिवंत जनावर शहरात आणण्याचे उरलेसुरले प्रयोजनही संपले.

ओमाहाच्या पश्चिमेस मीड नावाचे खेडे आहे आणि त्याच्या लगत विद्यापीठाचे विस्तीर्ण संशोधनक्षेत्र. दुसऱ्या महायुद्धात या जागी बॉम्ब भरण्याचा सरकारी कारखाना होता. स्फोटकांचे आणि द्रावकांचे अंश येथील भूजलात उतरल्यामुळे १९९० साली केंद्र सरकारने ही जागा देशातील अतिदूषित स्थळांच्या यादीत घातली. जमिनीखाली असा वारसा असलेल्या या क्षेत्रावर, गुरे पोसण्याच्या ज्या तऱ्हेला सारी अमेरिका ‘फीडलॉट’ या नावाने ओळखते, ती तऱ्हा मी प्रथम जवळून पाहिली.

फीडलॉटला छप्पर नाही आणि दावणही नाही. मातीचे मोकळे वाडे एकाला एक लागून, प्रत्येकाच्या मधोमध पावसाळ्यात जनावरांना कोरडे बसता यावे म्हणून मातीचा उंचवटा, आणि रस्त्याच्या कडेने लांबच लांब काँक्रीटची गव्हाण. गावात शिरण्याआधीच वास येतो, आणि तो सौम्य नसतो. कुरणातून साधारण अडीचशे किलो वजनाचे आलेले वासरू, बहुधा खच्ची केलेला गोऱ्हा, सुमारे सहा महिन्यांत सहाशे किलोंच्या पुढे जाऊन येथून बाहेर पडते. एक किलो वजन वाढण्यास त्याला सहा किलोंच्या आसपास कोरडे खाद्य लागते.

मला सर्वांत कौतुक वाटले ते गव्हाण पाहणाऱ्या माणसाचे. उजाडण्यापूर्वी तो गाडी हळूहळू चालवीत वाड्यामागून वाडा पाहत जातो. एखादी गव्हाण चाटूनपुसून स्वच्छ झालेली असते, एखादीच्या तळाशी चार दाणे असतात, एखादीत बोटभर थर उरलेला असतो. आणि या तीन अवस्थांतील फरकावरून त्या वाड्यातील शंभरएक जनावरांचा त्या दिवसाचा शिधा ठरतो. शिधा एकदम वाढविला तर मक्याच्या पिष्टाचे कोठीपोटात भराभर आंबून आम्ल होते, जनावर खाणे टाकते आणि क्वचित प्राणासही मुकते. आपल्याकडे खळ्यावर सुटलेले जनावर जोंधळ्याच्या राशीत तोंड घालून मेल्याचे ज्याने पाहिले आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. शास्त्रज्ञांचे सारे कोष्टक शेवटी या माणसाच्या नजरेवर अवलंबून असते, आणि ही गोष्ट ते स्वतःच आदराने कबूल करतात.

गव्हाणीत मका होता, थोडी कापलेली वैरण होती, आणि त्यांच्या जोडीला पिवळसर तपकिरी, ओलसर, आंबूस वासाचा एक चोथा होता. मक्यापासून इंधनाचे अल्कोहोल काढल्यावर उरणारा हा चोथा म्हणजे नेब्रास्काच्या पशुआहारशास्त्राची सर्वांत मोठी कमाई होय. मक्याच्या दाण्यातील पिष्ट आंबविले म्हणजे वजनाचा साधारण एकतृतीयांश भाग अल्कोहोल होतो, एकतृतीयांश कर्बवायू होऊन उडून जातो आणि उरलेल्या एकतृतीयांशात दाण्यातील प्रथिने, स्निग्धांश आणि तंतू तिपटीने एकवटतात. वाळविला तर हा चोथा जगभर पाठविता येतो. पण वाळविण्यास इंधन जळते, आणि ओला ठेवला तर त्यात निम्म्याहून अधिक पाणी असल्याने तो फार दूर नेणे परवडत नाही. येथील विद्यापीठात टेरी क्लॉपफेनस्टाइन आणि त्यांच्या शिष्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवून दिले, की मांसासाठी पोसल्या जाणाऱ्या गुरांना हा ओला चोथा मक्यापेक्षाही अधिक लागू पडतो. आणि त्यामुळे मक्याचे शेत, अल्कोहोलचा कारखाना आणि गुरांचे वाडे ही तिन्ही एकमेकांना चिकटून उभी राहू लागली. या व्यवस्थेत उणे काहीच नाही असे मात्र नव्हे. चोथ्यात गंधकाचे प्रमाण चढले तर जनावराच्या मेंदूला इजा होते, आणि स्फुरद जास्त असल्याने शेणाबरोबर ते शेतात साचत जाते. तेव्हा शेण किती एकरांवर पसरावे याचाही हिशेब आहारशास्त्रज्ञालाच मांडावा लागतो.

वाड्यांच्या पलीकडे एका छपराखाली काही गोऱ्हे निवांत रवंथ करीत उभे होते, आणि त्यांच्या डाव्या कुशीवर रबराचे बशीएवढे झाकण होते. “काका, हात घालून पाहा,” असे म्हणत माझ्या सोबत्याने खांद्यापर्यंत येणारा मोजा माझ्या हातावर चढविला आणि झाकण उघडले. आत कोमट नव्हे, चांगली ऊब होती. कोठीपोटाचे उष्णतामान ३९ अंशांच्या आसपास असते. वर तरंगणाऱ्या वैरणीचा दाट थर, त्याखाली पातळ रस, आणि मिनिटभरात एकदा साऱ्या भिंतीने हातावर दिलेला ठाम दाब. गोऱ्ह्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा आपले चर्वण चालू केले. या वाटेने बारीक विणीच्या पिशव्यांतून निरनिराळी खाद्ये आत सोडतात, ठराविक तासांनी बाहेर काढतात आणि किती पचले ते तोलतात. छिद्र शस्त्रक्रियेने पाडलेले असते आणि अशी जनावरे वर्षानुवर्षे जगतात, हे त्याने आवर्जून सांगितले. माझ्या चेहऱ्यावर काय उमटले असेल ते त्याने ओळखले असावे.

या उबदार अंधारात जे घडते त्यावरच सारा वाद आहे. गाय स्वतः गवत पचवीत नाही. तिच्या कोठीपोटातील सूक्ष्म जीव ते आंबवितात आणि त्यातून होणाऱ्या ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्यूटिरिक आम्लांवर ती जगते. या क्रियेत हायड्रोजन सुटतो. तो साचला तर आंबणे थांबेल, म्हणून काही अतिप्राचीन वंशाचे जीव तो कर्बवायूशी जुळवून त्याचा मिथेन करतात, आणि गाय तो ढेकरांवाटे बाहेर टाकते. खाल्लेल्या अन्नातील शक्तीचा दोनपासून बारा टक्क्यांपर्यंतचा अंश असा हवेत जातो, म्हणजे पशुपालकाच्या दृष्टीने तो निव्वळ तोटा. आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कर्बवायूच्या सुमारे २८ पट तापविणारा असल्यामुळे पृथ्वीच्या दृष्टीनेही तोटाच. आता यातील मर्म असे, की गवताच्या तंतूंपासून ॲसेटिक आम्ल अधिक होते आणि त्याबरोबर हायड्रोजनही अधिक सुटतो. धान्यापासून प्रोपिऑनिक आम्ल होते आणि ते उलट हायड्रोजन वापरून टाकते. म्हणून धान्यावर पोसलेल्या जनावराची सरासरी गळती तीन टक्क्यांच्या आसपास असते, तर चरणाऱ्या गुरांची सहा-साडेसहा टक्क्यांपर्यंत जाते.

मिथेन मोजण्यासाठी मीड येथे एक बंदिस्त गोठा आहे. त्यातील हवा पंख्यांनी सतत बाहेर ओढली जाते आणि आत शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या हवेतील वायूंचा फरक यंत्रावर नोंदला जातो. एकेका जनावराऐवजी वाडाभर जनावरांचा एकत्रित श्वास तोलण्याची ही तजवीज. त्या यंत्रापाशी उभे राहून माझ्या सोबत्याने जे सांगितले, त्याने माझी मोठी समजूत पालटली. एका किलो गोमांसामागे जो मिथेन हवेत जातो, त्याचा बहुतेक भाग या दुर्गंधीच्या वाड्यांतून येत नाही. जनावर येथे जेमतेम सहा महिने असते. त्याआधी ते कुरणात वाढते, आणि त्याची आई तर एका वासरासाठी वर्षभर गवत खात कुरणातच असते. मिथेनचा तीनचतुर्थांशाच्या आसपासचा वाटा त्या आईवासरांच्या खात्यावर पडतो. नाकाला जे ठिकाण असह्य वाटते ते या खात्यापुरते तरी कमी दोषी, आणि ज्या हिरव्या टेकड्यांची चित्रे मांसाच्या वेष्टनांवर छापलेली असतात त्या अधिक! हे ऐकल्यावर त्या टेकड्या पाहिल्यावाचून परतणे शक्यच नव्हते.

लिंकनवरून पश्चिमेस निघालो. ऑक्टोबराचा उत्तरार्ध होता. कापणीयंत्रे मक्यातून फिरत होती आणि कापलेल्या शेतांत कोठे कोठे गायी सोडलेल्या दिसत होत्या. त्या आधी पडलेले दाणे वेचतात, मग कणसांची साले आणि पाने खातात, आणि ताटांना अगदी शेवटी तोंड लावतात. या चराईने जमीन तुडवली जाऊन पुढचे पीक घटेल, ही येथील शेतकऱ्यांची जुनी धास्ती. मीडच्या क्षेत्रावर सोळा वर्षे एकाच शेतात मका व सोयाबीन आलटूनपालटून घेऊन आणि गुरे चारून पाहिल्यावर उत्पन्न मुळीच घटत नाही असे सिद्ध झाले. धनगराने शेतात मेंढ्या बसवाव्यात म्हणून त्याच्याशी आगाऊ बोलणी करणाऱ्या आपल्याकडील शेतकऱ्याला सोळा वर्षे थांबावे लागले नाही, हे मी बोलून दाखविले. सोबती हसला आणि म्हणाला, “पण काका, त्याने पुढच्या वर्षीचे पीक तोलून ठेवले असते तर मला इथे किती उपयोग झाला असता!” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

शेते वरून पाहिली तर वर्तुळाकार दिसतात, कारण पाणी देणारा लांब नळ मध्यबिंदूभोवती चाकांवर फिरतो. चौरस १६० एकरांच्या तुकड्यातून तो सुमारे १३० एकर भिजवितो. फ्रँक झायबाख नावाच्या शेतकऱ्याला १९५२ साली या युक्तीचे पेटंट मिळाले, आणि आज ओलिताखालील क्षेत्रात नेब्रास्का सर्व राज्यांत पहिले आहे. पाणी येते ते ओगलाला नावाच्या, आठ राज्यांखाली पसरलेल्या भूजलसाठ्यातून. टेक्सास आणि कॅन्सस येथे हा साठा झपाट्याने खालावत असता नेब्रास्कात तो बऱ्याच अंशी टिकून आहे. याचे एक कारण निसर्गाचे आहे, ते पुढे येईलच, दुसरे कारभाराचे. १९७२ पासून या राज्याने पाण्याचा अंमल महसुली जिल्ह्यांकडे न ठेवता नद्यांच्या खोऱ्यांप्रमाणे आखलेल्या स्वतंत्र मंडळांकडे सोपविला. आज अशी २३ मंडळे असून ती लोकनियुक्त आहेत, स्वतःचा कर बसवितात आणि विहिरींवर मापकयंत्रे लावून उपशावर मर्यादा घालू शकतात. गोमांसाच्या शाश्वततेची चर्चा बहुधा मिथेनपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. परंतु मक्यावर वाढलेल्या गोऱ्ह्याच्या प्रत्येक किलोमागे या साठ्यातील पाण्याचाही हिस्सा असतो, आणि गमावलेला मिथेन सुमारे बारा वर्षांत हवेतून विरतो तसे उपसलेले प्राचीन पाणी बारा वर्षांत परत येत नाही.

क्ले सेंटर येथील सरकारी मांसपशुसंशोधन केंद्रही युद्धाच्याच जमिनीवर वसलेले निघावे, हा योगायोग मला चमत्कारिक वाटला. हेस्टिंग्जजवळचे नौदलाचे दारूगोळ्याचे कोठार बंद झाल्यावर १९६४ साली सुमारे ३५,००० एकर जमीन कृषिखात्याकडे आली. मातीने झाकलेली घुमटाकार कोठारे अजून रांगेने उभी आहेत आणि त्यांच्या मधल्या गवतात गुरे चरतात. येथे १९६९ पासून जगातील निरनिराळ्या जातींचे संकर करून त्यांची वाढ, प्रजनन आणि मांसाचा मऊपणा यांची तुलना चालू आहे. कानांनी लांब, गळ्याखाली भरघोस पोळी आणि पाठीवर वशिंड असलेले ‘ब्राह्मन’ नावाचे जनावर या तुलनेतील एक प्रमुख घटक. १८५४ ते १९२६ या काळात अमेरिकेत आणलेल्या २६६ वळूंपासून आणि २२ गायींपासून ही जात बनली, आणि तिच्या पूर्वजांत गीर, कांक्रेज व ओंगोल यांच्याबरोबर कृष्णाकाठची जातही आहे. काळ्या रानात खोल नांगरट करण्यासाठी दक्षिण मराठा मुलखातील संस्थानिकांनी गेल्याच्या आधीच्या शतकात जिचे संगोपन केले, तिचे रक्त टेक्सासच्या उन्हात टिकाव धरणाऱ्या मांसाच्या जनावरात उतरावे, हा इतिहासाचा खेळ मिरज-सांगलीच्या त्या राजेलोकांना रुचला असता असे वाटत नाही. येथील मापनांत ब्राह्मन संकर उष्णता सोसण्यात आणि माया लावून वासरे वाढविण्यात सरस ठरला, मांसाच्या मऊपणात मात्र उणा पडला.

या केंद्राची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. २०१५ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने येथील प्रयोगांत जनावरांचे होणारे हाल विस्ताराने छापले आणि कृषिखात्याला चौकशी नेमावी लागली. उत्पादन वाढविण्याच्या ध्यासात जनावर हे केवळ आकड्याचे वाहन होऊन बसते, तेव्हा शास्त्राला बाहेरच्या डोळ्यांची गरज पडते, हे त्या प्रकरणाने उघड केले.

ग्रँड आयलंडपासून वायव्येस जाणारा दुसऱ्या क्रमांकाचा राजमार्ग ब्रोकन बोच्या पुढे गेला, की मका संपतो. संपतो म्हणजे विरळ होत नाही, एकाएकी नाहीसा होतो, आणि दोन्ही बाजूंना गवताने झाकलेल्या वाळूच्या टेकड्या सुरू होतात. सुमारे ५०,००० चौरस किलोमीटरांवर पसरलेले हे पश्चिम गोलार्धातील सर्वांत मोठे वाळूटेकड्यांचे क्षेत्र. काही टेकड्यांची उंची १२० मीटरपर्यंत जाते. वायोमिंगचा कोळसा नेणाऱ्या मैलभर लांबीच्या आगगाड्या रस्त्याला समांतर धावतात. त्या गेल्या की वाऱ्याखेरीज काही ऐकू येत नाही. मी रूक्ष वाळवंटाची अपेक्षा केली होती, पण टेकड्यांच्या मधल्या सखल भागांत निळी तळी आणि ओलसर गवताळ पट्टे दिसत राहिले. पावसाचे पाणी वाळूतून थेट खाली मुरते, ओगलालाचा साठा भरते आणि सखल भागांत वर डोकावते. लूप नदीच्या शाखा याच झिरप्यावर बाराही महिने जवळजवळ सारख्याच वाहतात. राज्याचे पाणी टिकण्याचे निसर्गदत्त कारण ते हेच.

हॅल्सी गावापाशी मात्र देवदारवर्गीय वृक्षांचे एक जंगल अचानक समोर येते. चार्ल्स बेसी या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या आग्रहावरून १९०२ साली वाळूत रोपे लावण्यास प्रारंभ झाला, आणि हजारो एकर जंगल माणसांच्या हातांनी उभे राहिले. ज्या राज्याने १८७२ साली वृक्षारोपणाचा दिवस जगाला दिला, त्याला हे शोभूनही दिसते. परंतु आज याच टेकड्यांतील कुरणमालक आपोआप पसरणाऱ्या लाल सीडरच्या झाडांना जाळून काढतात, कारण झाडाखाली गवत राहत नाही आणि गवताची मुळे सुटली की वाळू चालू लागते. वाऱ्याने असा खड्डा पडलेली एक टेकडी आम्ही उतरून पाहिली. पांढरी स्वच्छ वाळू, आणि कडेला लोंबणारी हात-हातभर मुळे. गवताचे कवच बोटभरच जाड आहे हे तेथे पायाखाली कळते.

या भूमीचा जमीनमहसुली इतिहासही मोठा बोधप्रद आहे. १८६२ च्या कायद्याने दर कुटुंबाला १६० एकर मिळत; येथे तेवढ्यावर कुटुंब जगत नाही हे ओळखून काँग्रेसचे सभासद मोझेस किंकेड यांनी १९०४ साली ६४० एकरांचा कायदा करविला. लोक आले, त्यांनी नांगर घातला, वाळू उडाली, आणि बहुतेकांनी जमिनी मोठ्या कुरणमालकांना विकून गाशा गुंडाळला. त्या मालकांनी त्याआधीच सरकारी जमिनीला बेकायदा कुंपणे घातलेली होती. त्यांपैकी बार्टलेट रिचर्ड्स हा बडा असामी शिक्षा भोगत असतानाच १९११ साली मरण पावला. परंतु कायद्याने जे साधले नाही ते गवतानेच साधले: नांगर हरला आणि गाय राहिली.

व्हिटमनजवळ विद्यापीठाचे १२,८०० एकरांचे कुरण आहे. गडमंडसन दांपत्याने १९७८ साली दान दिलेले. आम्ही पोहोचलो त्या दिवशी वासरे आईपासून तोडण्याचे काम चालले होते. तारेच्या एका बाजूला गायी, दुसऱ्या बाजूला वासरे, आणि दोन्हीकडून अखंड हंबरणे. नजरेसमोर ठेवून तोडले तर वासरे कमी झुरतात आणि खाणे सोडत नाहीत असे संशोधन सांगते, म्हणून ही दोन कुंपणांची रीत; तरी तो आवाज ऐकत फार वेळ उभे राहणे मला जमले नाही.

येथील प्रश्न मीडच्या अगदी उलट असतात. तेथे जनावराला नेमके मोजून देता येते, येथे ते हवे ते खाते. हिवाळ्यात पिवळ्या पडलेल्या गवतात तंतू भरपूर, पण प्रथिने नाममात्र; कोठीपोटातील सूक्ष्म जीवांना नत्र न मिळाल्यामुळे गाय पोटभर खाऊनही उपाशी राहते. अशा गाभण गायीला दिवसाकाठी थोडी पेंड किंवा तोच अल्कोहोलचा चोथा दिला, तर तिचेच नव्हे, तिच्या पोटातील कालवडीचेही पुढील प्रजनन सुधारते, असे येथील प्रयोगांत आढळले. दुसरा प्रयोग वेतांच्या काळाचा. मार्चमध्ये व्यालेल्या गायीला दूध देण्याच्या ऐन भरात विकतची वैरण घालावी लागते. जूनमध्ये व्यालेली गाय हिरव्या गवतावर दूध देते. त्यात वैरणीचा खर्च वाचतो, पण पुन्हा गाभण राहण्याच्या वेळी गवत वाळू लागलेले असते. दोन्हींत लाभ-हानी आहे आणि कुरणमालक आपापल्या गवताकडे पाहून निर्णय घेतात.

मिथेनचा प्रश्न मात्र येथे येऊन अडतो. कोठीपोटातील मिथेननिर्मिती रोखणारे ३-नायट्रोऑक्सिप्रोपॅनॉल हे द्रव्य २०२४ साली अमेरिकी सरकारने दुभत्या गायींसाठी मान्य केले, आणि ‘ॲस्पॅरागॉप्सिस’ या लाल समुद्रशेवाळाने कॅलिफोर्नियातील गोऱ्ह्यांचा मिथेन ऐंशी टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. पण दोन्ही उपाय प्रत्येक घासाबरोबर दिले तरच गुण देतात, आणि हजारो एकरांत विखुरलेल्या गायीच्या घासात ते घालावे कसे? येथे कुरणात एक फिरते यंत्र ठेवलेले होते: गाय गोळ्यांच्या लोभाने त्याच्या खोलगट तोंडात डोके घालते, पंखा तिचा श्वास ओढून घेतो आणि पाचएक मिनिटांत मोजणी होते. एक गाय गोळ्या संपल्यावरही डोके काढीना. मागच्या गायीने तिला शिंगाविना नुसत्या कपाळाने ढकलून बाजूला केले. मोजणे अशा रीतीने साधले आहे. आवरणे साधलेले नाही.

माझ्या सोबत्याचे म्हणणे असे, की जे पोसणावळीच्या वाड्यांत करता येते ते आधी करावे, कारण तेथे गव्हाण हाती आहे. शेजारच्या कुरणमालकाने, ज्याच्या घरी आम्ही दुपारचे जेवलो, शांतपणे विचारले, की त्या द्रव्याचा खर्च कोण सोसणार, कारण मिथेन घटल्याने वासराचे वजन फारसे वाढत नाही आणि बाजार पैसे देतो तो वजनाला. मला त्या म्हाताऱ्याचा प्रश्न अधिक सयुक्तिक वाटला. ज्या जमिनीत नांगर चालत नाही, जिचे कवच गवताने सांभाळले आहे आणि जिच्यातून अर्ध्या राज्याचे पाणी मुरते, ती जमीन गायीवाचून राखण्याचा मार्ग शास्त्रज्ञांनी अजून दाखविलेला नाही. आणि तो दाखविल्याशिवाय केवळ ढेकरांचा आकडा पुढे करून या माणसाकडे हिशेब मागणे मला अन्यायाचे वाटते. सोबत्याने माझे म्हणणे मान्य केले नाही. व्हिटमनहून मलेनपर्यंतच्या साऱ्या रस्त्याने आमचा हाच वाद चालू राहिला.